बाहीवर काय पडतंय

प्रिय भुंग्या,

पत्र बघून दचकू नकोस, आणि ताईला वेड लागलं असंही म्हणू नकोस. आपल्या घरात मोबाइलला रेंज फक्त खिडकीपाशी येते, आणि खिडकीपाशी बाबांची खुर्ची. त्यांचे कान किती तिखट आहेत ते मी तुला सांगायला नको. म्हणून ही उठाठेव, मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून. वाळत काहीच नाही म्हणा. सकाळपासून भुरभुर लागलीय. पाऊस म्हणावा तर पत्र्यावर आवाज नाही, धुकं म्हणावं तर दारात गेलं की केस ओले. मध्येच बर्फाचा रवा पडतो, पायरीवर उड्या मारतो आणि बघता बघता नाहीसा होतो. सगळं कसं किरकोळ. एकदाचं धो धो पडून मोकळं होईल तर शपथ!

बाबांना मात्र याच किरकोळ पडण्याचं केवढं कौतुक होतं, आठवतं ना? टेकडीवरच्या हवामान चौकीतली नोकरी संपली तरी काळा कोट घालून बाही खिडकीबाहेर धरायची सवय काही संपली नाही. थेंब पसरला तर भुरभुर, टुणकन उडाला तर बर्फाची कणी, चांदणी होऊन बसला तर हिम. आणि थेंब पडून जागच्या जागी काच झाला, तर ती गोठती भुरभुर. तिला ते लबाड म्हणायचे, कारण रस्ता नुसता ओला दिसतो आणि पाय ठेवला की माणूस आडवा. मी हे सगळं तोंड वासून ऐकायची आणि तू माझ्या पाठीवर बसून घूं घूं करत गाडी हाकायचास. पुढे चौकीतली नोकरी नको म्हणालास आणि खरोखरच बसचं स्टिअरिंग धरलंस, तेव्हा बाबांनी धरलेला अबोला मी कसा काढला ते माझं मला माहीत. दोघांच्या मध्ये माझं नुसतं भरीत झालं होतं.

तो अबोला फुटला तोही हवामानावरच. तुला घाटातली सकाळची पहिली गाडी मिळाली आणि निघायच्या आधी तू फोन करून विचारलंस, बाबा, बाहीवर काय पडतंय? त्या दिवशी बाबा दिवसभर शीळ घालत फिरत होते. तेव्हापासून हिवाळा आला की रोज तेवढंच. तुझा एक प्रश्न, त्यांचा एक शब्द, तुझं 'बरं', आणि फोन बंद. बापलेकांचं बोलणं म्हणजे एवढंच. पण तेवढ्यासाठी ते दाढी करून, कोट चढवून बसतात, हे तुला कुठे माहीत असायला!

आता त्या सकाळचं सांगते. बाबांनी तुला कोरडं आहे म्हणून सांगितलं आणि मी डेपोत फोन करून गाडी अडवली, म्हणून तू माझ्यावर केवढा भडकलास. गाडीभर लोक तुझ्यावर ओरडत होते, डेपोत सगळे हसत होते, मान्य. नंतर घाटात दुधाची गाडी घसरून उलटली, सुदैवाने कुणाला लागलं नाही, तेव्हा तू नरमलास. म्हणालास, बाबांनी बघितल्यावर हवा बदलली असेल. मी हूं म्हटलं. खुर्चीत बाबा बसले होते, दुसरं काय म्हणणार? भुंग्या, हवा बदलली नव्हती. तू फोन ठेवलास आणि लगेच खुंटीवरचा कोट मी शेगडीजवळ टांगायला घेतला तर बाही पुठ्ठ्यासारखी ताठ होती आणि दुमडताच कडकड वाजली. ती बाही डोळ्यांसमोर धरून बाबांनी तुला कोरडं आहे म्हणून सांगितलं होतं. हात लावून बघायची त्यांना जन्मात गरज पडली नव्हती, मग ते कशाला लावतील? मी त्यांच्यादेखतच डेपोला फोन लावून ओरडले, घाटाची काच झालीय, गाडी सोडू नका. फोन ठेवून वळले तर बाबा बाहीवरून बोटं फिरवत होते.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. चहा ओतताना कपात बोट धरतात. बटणं खालीवर लागतात. पेपर समोर असतो, पण पान उलटत नाही. विचारलं की म्हणतात, उजेडच नाही यंदा. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. मला भीती वाटते रे. त्यांच्या डोळ्यांची वाटते, तुझ्या गाडीची वाटते, आणि घरात जी शांतता पसरलीय तिची तर सगळ्यात जास्त.

त्या दिवसापासून तुझा फोन मीच घेते. बाबा अंघोळीला गेलेत असं सांगते, तू 'बरं' म्हणून ठेवून देतोस. अरे, बाबा समोरच असतात. कोट नाही, पण दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं, कान फोनकडे. तू ठेवलास की विचारतात, काही म्हणाला का? मी म्हणते, घाईत होता. हे मला रोज रोज नाही जमणार. म्हणून हे पत्र. यापुढे फोन केलास की बाहीवरचं मला विचार. मी नको म्हटलं तर गाडी काढायची नाही, मग डेपो कितीही हसू दे. पण फोन ठेवू नकोस. म्हण, बाबांना दे. आणि मग हवामान सोडून काहीही विचार. अगदीच सुचलं नाही तर दाढी करताना कापलं का, ते विचार.

तुझीच कटकटी,
ताई