चार दहाचा खोकला

प्रिय पाहुण्या,

ही हाक वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. तीन महिन्यांच्या हंगामी जागेवर आलेला माणूस एकोणीस वर्षं हलला नाही, म्हणून हे नाव मीच तुला दिलं होतं. आणि एक कार्ड लिहायला मी दोन कार्डांचा वेळ घेतो म्हणून तू माझं नाव 'सावकाश' ठेवलंस. तू नव्या शाखेचा प्रमुख होऊन गेलास त्याला आठ महिने झाले. तिकडून इकडे एकच बस बदलावी लागते, तरी तू एकदाही फिरकला नाहीस. माझा फोनही उचलत नाहीस. त्याचं कारण मला ठाऊक आहे आणि त्यावर मी येणार आहे. पण आधी वाचनालयातली बातमी ऐक. गेले तीन आठवडे आपल्या वाचनकक्षात तू रोज चार वाजून दहा मिनिटांनी खोकतो आहेस. आणि नव्या ग्रंथपाल बाईंनी मला सांगितलं आहे की येत्या शुक्रवारपर्यंत तू बंद झाला पाहिजेस.

आठवतंय ना, दहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला दम भरला होता की असाच खुर्चीला चिकटून राहिलास तर कंबर कायमची धरेल. मी मागच्या खोलीत संगणकावर पुस्तकांच्या नोंदी करत बसायचो. मधल्या कक्षात वाचणारी माणसं, त्यामुळे हाक मारायची सोय नाही. मग तू दारात उभा राहून खोकायचास. एक आखूड, एक लांब, न्हाणीघराबाहेर खोळंबलेल्या माणसासारखा. तरी मी उठायचो नाही. शेवटी तू कुठून तरी आठवण करून देणारा एक प्रोग्रॅम आणलास, त्यात स्वतःचाच खोकला भरलास आणि वेळ लावलीस चार दहाची. त्यानंतर रोज आधी यंत्र खोकायचं, त्याच्यामागून तू, आणि मग आपण मागच्या पायरीवर चहाला बसायचो. बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत आपण दोघांच्या मुलांची शिक्षणं, तुझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन आणि माझ्या घराचं गळकं छप्पर, सगळं मार्गी लावलं.

महिन्याभरापूर्वी वाचनकक्षातला संगणक कायमचा झोपला. बाई म्हणाल्या, मागच्या खोलीतला बाहेर आणा, पण आधी त्यातला कचरा काढा. मी वही घेतली, रेघा मारल्या आणि एकेक प्रोग्रॅम काढत गेलो. एकूण एकतीस निघाले. तुझा तो आठवणीचा प्रोग्रॅमही त्यातच होता. काढताना हात थोडा अडला, पण काढला. संगणकाने 'यशस्वीरीत्या काढला' असं लिहून दाखवलं. बाईंनी वहीवर सही केली. यंत्र बाहेर गेलं, त्याला जुने मोठे स्पीकर जोडले.

पहिल्याच दिवशी, चार दहाला, त्या शांततेत तू खोकलास. एक आखूड, एक लांब. रोज पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांनी पेपर खाली करून परीक्षेच्या अभ्यासाला बसणाऱ्या मुलीकडे पाहिलं. तिनं आजोबांकडे पाहिलं. बाई केबिनमधून बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आपला यंत्रापासून दहा हातांवर, रजिस्टर छातीशी धरून, तोंड मिटून उभा. आजोबांनी तुला बरोबर ओळखलं. "हा तर आपला पाहुणा," म्हणाले, "गेला तरी घसा इथंच ठेवून गेलाय." मुलगी पुस्तकात तोंड घालून हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, प्रोग्रॅम काढला होता ना? मी वही दाखवली. त्यावर त्यांचीच सही होती.

मी बाईंना समजावून सांगितलं, की प्रोग्रॅम काढला म्हणजे तो मुळापासून जातोच असं नाही. भाडेकरू घर सोडून गेला तरी भिंतीतले खिळे राहतात. तसेच प्रोग्रॅमचे फोल्डर राहतात, यंत्राच्या आतल्या नोंदींत त्याचं नाव राहतं. हे उरलंसुरलं उपसून काढणारी वेगळी साधनं मिळतात. त्यातलं चांगलं कुठलं हे नीट पारखायला हवं, भलतंच काही पुसलं गेलं तर आपल्या चौदा हजार पुस्तकांच्या नोंदी जातील. बाईंना शिस्तीची भाषा कळते. त्यांनी तीन आठवडे दिले.

मग मी चाचणी मांडली, आणि खरं सांगतो, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. गावच्या शाळेत आमचे गुरुजी बी पेरायला लावून रोज उंची लिहायला लावायचे, तसंच. एक साधा गणकयंत्राचा प्रोग्रॅम मुद्दाम घ्यायचा, बसवायचा, चार दिवस वापरायचा, मग साधनानं काढायचा आणि मागं काय उरलं ते वहीत मांडायचं. पहिलं साधन फार रंगीत होतं. उघडल्याबरोबर लाल अक्षरांत ओरडायला लागलं की यंत्रात चौदाशे धोके आहेत. ते दूर करायला गेलो तर म्हणालं, आधी माझ्या दोन भावंडांनाही आत घ्या. मी त्याला नमस्कार केला आणि काढून टाकलं. दुसरं साधन हुशार. ते प्रोग्रॅम बसताना बाजूला बसून काय कुठं ठेवलं जातंय ते टिपून घेतं आणि काढताना तेवढं सगळं उचलतं. गणकयंत्र त्यानं असं काढलं की खूणसुद्धा राहिली नाही. पण जे त्याच्या आधी बसलेलं असेल त्याचे सुटे तुकडे तेवढे त्याला दिसतात, सगळं उमगत नाही. सुईणीसारखं, जन्माच्या वेळी हजर असेल तरच ओळख.

आणि ऐक, याच दुसऱ्या साधनाला रिकामं का बसवायचं म्हणून यंत्रात जरा फिरायला लावलं, तर त्याला पहिल्या साधनाचेच त्रेचाळीस तुकडे सापडले. झाडायला आलेला माणूस झाडू, टोपी आणि चपला आमच्याकडेच टाकून गेलेला. मी घरी जाऊन तुझ्या वहिनीला हे सांगितलं. ती भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "मग दुसऱ्याच्या चपला कोण उचलणार?" मी म्हटलं, तिसरा. ती म्हणाली, "आणि त्याच्या?" मला जेवताना सारखं हसू येत होतं.

तिसरं साधन मला आवडलं. करड्या रंगाचं, चित्र नाही, ओरडा नाही. काम सुरू करण्याआधी ते म्हणतं, थांबा, चूक झाली तर मागं फिरता यावं म्हणून आधी आजची स्थिती जपून ठेवू. पुसायला बसलेल्या वस्तूला इतकी नम्रता असेल असं वाटलं नव्हतं. मग ते यादी दाखवतं. ज्याची खात्री आहे ते ठळक अक्षरांत, समोर खूण केलेली. ज्याबद्दल शंका आहे ते फिकट अक्षरांत, खूण नाही. ते तुम्हीच बघा म्हणतं. काढून टाकलेल्या दुसऱ्या साधनाच्या चपला त्यानं ठळक दाखवल्या, तुझ्या वहिनीचा प्रश्न निम्मा सुटला.

सकाळी देवापुढे बसतो तेव्हा हल्ली हीच यादी डोळ्यांपुढे येते. इतकी वर्षं मी मनातलं काढायला म्हणून बसतो आणि उठताना वाटतं, निघालं. पण वरचं तेवढं निघालेलं असतं. आतल्या नोंदी तशाच. आता मी देवालाच सांगतो, बाबा रे, ठळक तेवढं तू काढ, फिकट आहे ते मी बघतो.

इकडे कक्षात वेगळंच घडायला लागलं. पहिल्या आठवड्यात लोक दचकायचे. दुसऱ्या आठवड्यात आजोबा खोकल्याची वाट बघून घड्याळ लावायला लागले, आणि तू खोकलास की ते उलट खोकून उत्तर देतात. ती मुलगी उठून आळस देते आणि पाय मोकळे करायला पायरीवर जाते. आजोबाही तिच्यामागून. एकदा मी मोजलं, तर सातजण पायरीवर उभे होते आणि ज्यांनी वर्षानुवर्षं शेजारी बसून एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, ते बोलत होते. बाई खिडकीतून बघत होत्या. पण नियम तो नियम. शुक्रवार म्हणजे शुक्रवार.

आता तू फोन का उचलत नाहीस ते. तुझ्या निरोपाच्या दिवशी सगळे बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी पुस्तकांची मोजणी राहिली आहे असं सांगून कोठारात गेलो, तो आलोच नाही. तू पिशवी घेऊन फाटकापाशी अर्धा तास थांबलास. मी कोठाराच्या जाळीतून तुला बघत होतो. शेवटी तू आजोबांकडून निरोप पाठवलास की सावकाशला सांगा, माझ्या बढतीनं त्याच्या पोटात दुखत असेल तर दुखू दे. पाहुण्या, मी तेव्हा मनात म्हटलं, किती खोटं बोलतो हा. आज तिसऱ्या साधनासारखी यादी मांडतो. ठळक अक्षरांत हे, की मी उभा राहिलो असतो तर सर्वांसमोर रडलो असतो. चाळीस माणसांपुढे रडायची मला लाज वाटली. आणि फिकट अक्षरांत हे, की हो, राईएवढं पोटात दुखलंही होतं. दोघं एकाच पायरीवर बसायचो आणि एकालाच वर बोलावलं. तुझा राग चुकीचा होता, पण सगळा नव्हता. मला क्षमा कर.

आणखी एक कबुली आहे, ती बाईंना कालच दिली. मला साधनांची गरजच नव्हती. तू तो खोकला प्रोग्रॅमच्या घरात ठेवलाच नव्हतास. मी काढून टाकीन म्हणून तू तो एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये लपवला होतास, फोल्डरचं नाव 'ऊठ', आणि यंत्राच्या स्वतःच्या वेळापत्रकात चार दहा लिहून ठेवले होतेस. मी तेव्हा तुझ्या मागेच उभा होतो. सगळं पाहिलं होतं. पहिल्या दिवशीच दोन मिनिटांत काढता आलं असतं. पण तू गेल्यावर सात महिने मागच्या खोलीत तो खोकला मी एकट्यानं ऐकला होता. रोज उठलो होतो, आणि पायरीवर एकटा बसून चहा प्यायलो होतो. म्हणून साधनं पारखत बसलो. तिसऱ्या साधनाला तो सापडला. फिकट अक्षरांत, खूण न करता. तुम्हीच बघा म्हणालं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता वहीत शेरा येणार. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मशीनमधला खोकला शुक्रवारी बंद म्हणजे बंद. माणसाच्या खोकल्याला माझी हरकत नाही." शुक्रवारी तुझी शाखा बंद असते, हेही त्यांनीच मला सांगितलं. म्हणून हे पत्र. शुक्रवारी चारच्या सुमारास मी यादी उघडून बसेन, बोट बटणावर. तू दारात उभा राहा. तू खोकलास की मी खूण करीन, तुझ्यादेखत तो काढीन, आणि सर्वांसमोर उठेन. रडू आलं तर आलं, आता सातच माणसं असतात. चहा मी आणतो. तू फक्त घसा घेऊन ये.

तुझाच,
सावकाश