काडी नसलेलं पत्र

व्हँकुव्हर, २ जून १९३५

दानिलोदादा,

तुझं पत्र पोचलं. आई सांगते आणि तू लिहितोस, हे नेहमीचंच. पण नाताळच्या जेवणाला मेजावरच्या कापडाखाली पसरलेलं गवत आई वर्षभर जपते आणि प्रत्येक पत्रात त्यातली एक काडी घालते. या खेपेला पाकीट उलटं करून झटकलं, तरी काडी नाही. म्हणजे हे पत्र आईला ठाऊकच नाही.

आणि "बेकारांच्या छावणीतल्या तुझ्या मित्रांची नावं कळव, आई काळजी करते," हे कधीपासून? आई विचारते, जेवलास का. नावं पोलीस विचारतात. तुझे नागरिकत्वाचे कागद पोलिसांच्या शेऱ्यासाठी अडकलेत, तेही मला माहीत आहे. आमच्या संपाची पत्रकं लिहिणारा मित्र परदेशातून आलेला आहे, आणि तो कोण ते इथेही लिहीत नाही. त्याचं नाव कळलं, की त्याला बोटीत घालून त्याच्या देशात परत धाडतील.

तुझं पत्र दाखवलं, तर तो मात्र हसला. म्हणाला, "लेका, सख्ख्या भावावर संशय? काडी वाऱ्यानं उडाली असेल."

मी म्हटलं, "बंद पाकिटात कसला आलाय वारा?"

उद्या आम्ही मालगाड्यांच्या टपांवर बसून ओटावाला, सरकारला जाब विचारायला निघतोय. आपल्या स्टेशनात गाडी पाणी भरायला थांबते. हे पत्र टपालात टाकत नाही, खिशात ठेवतो. फलाटावर तू आईला घेऊन उभा असलास, तर फाडून टाकीन. शेजारी पोलीस असला, तर तुझ्या हातात देईन.

अजून तरी तुझाच,
ओस्ताप