हुकात न बसवलेला कॅमेरा

आई, तू गेल्यानंतर माझ्या नावावर तीन पेटंट झाली. पहिलं मातीतला ओलावा मोजणाऱ्या एका बारक्या सेन्सरचं. त्याची चौकशी आजवर कुणी केलेली नाही. दुसरं त्याच सेन्सरात सुधारणा करून मिळवलेलं. न चाललेल्या वस्तूत सुधारणा! तू पोट धरून हसली असतीस. तिसरं मात्र कॅमेऱ्याचं आहे, तांदळाच्या कणीएवढ्या, आणि त्याच्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे. गेले काही महिने मला एका जागी बसवत नाही. घरी असले की लॅबमध्ये जावंसं वाटतं, लॅबमध्ये गेले की उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहते. चहा करते आणि प्यायचा विसरते. लेक फोनवर म्हणते, ‘मम्मा, तुम कहीं और हो.’ इथे उत्तरेत वाढलेली ती, आता पुण्यात नोकरी करते, चारी बाजूंनी मराठी ऐकते, आणि मला उत्तर मात्र हिंदीतच देते.

तो कॅमेरा तुझ्यामुळे झाला. तुझ्या घशात घास अडकायला लागला होता आणि आम्ही तुला तपासणीला घेऊन गेलो होतो. करंगळीएवढी जाड काळी नळी होती. ती घशातून आत जायला लागली तशी तू घाबरून डॉक्टरांचं मनगट पकडलंस. ‘माताजी, हाथ हटाइए, वरना दोबारा करना पड़ेगा,’ ते ओरडले. ज्या बाईच्या एका हाकेने अख्खं वसतिगृह चिडीचूप व्हायचं तिच्यावर कुणी ओरडतंय, हे मी पहिल्यांदा पाहत होते. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला तुझे पाय धरून ठेवायला सांगितलं होतं. दुपारी महानगर कॉलनीतल्या आपल्या घरी मी तुला तांदळाची पातळ पेज करून दिली. तू ओट्याला टेकून उभी होतीस, चमच्या-चमच्याने घेत. आवाज घोगरा झाला होता. ‘काय गं, त्या नळीच्या टोकाला कॅमेरा असतो ना?’ मी हो म्हणाले. ‘मग एवढा जाड कशाला? नुसतं बघायचंच आहे ना त्याला? राहायला थोडाच यायचाय!’ आपण दोघी हसलो. पण तू दुसऱ्यांदा त्या टेबलावर झोपली नाहीस. बाबांनी समजावलं, मी समजावलं, सांगलीहून मामाने फोन केला. ‘परत नाही हं,’ एवढंच तू म्हणत राहिलीस, आणि आजार आपल्या गतीने वाढत गेला.

कॅमेरा लहान करायचा म्हणजे भिंग लहान करायचं, असं लोकांना वाटतं. भिंग सोपं असतं गं. जागा खातात त्या तारा. सेन्सरच्या चारी बाजूंनी त्या बाहेर निघतात आणि कणीचा शेंगदाणा होतो. मी त्या बाजूने न काढता सेन्सरच्या पाठीतून काढल्या. वाक्यात सांगायला सोपं आहे, पण त्यासाठी मी चांगली सरकारी कंपनीतली नोकरी सोडली आणि किती सेन्सर फोडले त्याला गणतीच नाही. सोबतीला एक भागीदार होता. माझ्याहून बराच लहान, इथलाच, बोलायला गोड. मला दीदी म्हणायचा. मी मायक्रोस्कोपवर वाकलेली असायची आणि तो स्कूटरवरून इस्पितळं पालथी घालायचा. नवजात बाळांच्या श्वासनळीत उतरेल असा कॅमेरा, ही कल्पना त्याची. मी तुझ्या घशाचा विचार करत होते, त्याने त्याहून कितीतरी लहान घसा शोधून आणला. त्याच्यावर रागावते तेव्हाही मला हे विसरता येत नाही.

पेटंट मिळालं, पण इस्पितळांच्या परवानग्या मिळेनात. गोमती नगरच्या ऑफिसचं भाडं भरता येईना, लोकांचे पगार रखडायला लागले. अशा वेळी तो एका बाहेरगावच्या कंपनीच्या दोन माणसांना घेऊन आला. नीटनेटके, नम्र लोक. त्यांनी आमचा कॅमेरा भिंगाखाली पाहिला, एकमेकांकडे पाहिलं, आणि बॅगेतून नमुना काढून टेबलावर ठेवला. भिंतीवर कपडे अडकवायचा प्लास्टिकचा पांढरा हूक. त्याच्या मध्यभागी टाचणीने पाडावं तसं भोक. कॅमेरा त्याच्यामागे बसवायचा होता. मी विचारलं, ‘यह हुक कहाँ लगेगा?’ त्यांतला एकजण हसला. ‘मैडम, वो तो ग्राहक जाने.’ भागीदार माझ्याकडे पाहत नव्हता. त्याने चहा मागवला.

ते गेल्यावर मी लेकीला फोन केला. तुझ्या खोलीत कपड्यांना हूक आहेत का, असं विचारलं. ‘बाथरूम में हैं। सबके होते हैं, मम्मा। क्यों?’ मी म्हटलं, काही नाही, सहज. फोन ठेवला आणि मला आपल्या वसतिगृहातल्या क्वार्टरमधले दिवस आठवले. तू भूगोल शिकवून यायचीस आणि संध्याकाळी वॉर्डन म्हणून मजल्यांवर फेरी मारायचीस, मी तुझ्या मागे-मागे. एकदा मी एका मुलीच्या खोलीचं दार ढकलून आत शिरले. ती केस पुसत उभी होती, तिने घाईघाईने ओढणी ओढली. तू मला दंडाला धरून बाहेर आणलंस. ‘दार वाजवायचं आणि थांबायचं. आतून ये म्हटलं तरच जायचं. ही तिची खोली आहे, आपली नाही.’ ‘पण तू तर वॉर्डन आहेस,’ मी म्हटलं. ‘म्हणूनच,’ तू म्हणालीस, आणि पुढच्या दारावर टकटक करून हात मागे बांधून उभी राहिलीस. तुला तिथे तशी उभी असलेली मी आत्ता पाहतेय. आतून पाण्याचा आवाज येतोय, कुणी ‘आई, मैम’ म्हणून ओरडतंय, ‘आले’ अशा अर्थाच्या त्या हिंदी ‘आई’ला मी फसते आणि तू हसू दाबतेस.

दुसऱ्या दिवशी भागीदाराला मी नाही म्हणून सांगितलं. तो आधी शांत होता. ‘दीदी, कैमरा तो कैमरा है। चाकू से लोग सब्जी भी काटते हैं।’ मी म्हटलं, भाजीसाठी सुरी विकायला बसले तर कुणालाही विकेन, पण हे लोक कशासाठी हवी ते सांगूनच मागताहेत. ‘उन्होंने बताया कहाँ?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, भोक पाडून आणलं होतं त्यांनी. आणखी काय सांगायचं? मग तो उसळला. आपण बंद पडलो तर बाळांच्या घशात कोण उतरणार आहे? हे लोक पैसे देतील, त्यावर इस्पितळाचं काम पूर्ण करता येईल. ‘हम नहीं देंगे तो कोई और बना लेगा।’ ‘बना ले,’ मी म्हणाले. ‘मेरा वाला नहीं।’ त्याचे डोळे भरून आले होते, आई. तो लबाड नव्हता, थकला होता. त्याच महिन्यात तो सोडून गेला. आता त्याच कंपनीत आहे, आणि माझ्या पेटंटला वळसा घालून तेच करायची वाट शोधतोय, असं ऐकते. हुशार आहे, कदाचित सापडेलही.

मी ऑफिस सोडलं. जानकीपुरममध्ये दोन खोल्या घेतल्या, एक मदतनीस मुलगी आणि मी, एवढंच आता. परवानगी या वर्षी आली. परवा इथल्याच एका इस्पितळातून बाळांच्या सर्जनबाईंचा फोन आला. अपुऱ्या दिवसांचं बाळ, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा, कारण कळत नव्हतं. ‘दिख गया,’ त्या म्हणाल्या. श्वासनळीत पातळ पडदा होता, तो काढता आला. मी विचारलं, कॅमेरा आत जाताना बाळ रडलं का. त्यांना प्रश्न कळला नाही. ‘आप बधाई लीजिए,’ त्या हसून म्हणाल्या. मी जिन्यात जाऊन बसले आणि खूप रडले, आणि उठले तेव्हा तुला सांगायला वळल्यासारखी वळले.

मग शांत व्हायला हवं होतं ना मी? नाही झाले. पेटंट कायमचं नसतं. काही वर्षांनी त्याची मुदत संपेल, मग कुणीही तो बनवेल, कुठल्याही हुकात बसवेल, आणि माझ्या ‘नाही’ला काही अर्थ राहणार नाही. मुळात तारा पाठीतून काढता येतात हे पेटंटमध्ये जगाला लिहून दिलं ते मीच. तू असतीस तर म्हणाली असतीस, त्या बाळाचं बघ. बघते गं. रोज बघते. आणि बघून झालं की मन पुन्हा तिथेच जातं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. इस्पितळाला कॅमेरा याहून लहान नको आहे, त्यांनी तसं स्पष्ट कळवलंय. तरी सोमवारपासून मी त्याच्या निम्म्या आकाराचा जुळवायला घेतलाय. कशासाठी, असं मदतनीस मुलीने काल विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि भिंगावर वाकले. जमतोय, आई. फार सुंदर जमतोय.