चाळीस फुटांचं एकाशन

२ ऑगस्ट
काल संध्याकाळी रस्ता ओलांडताना एका खासगी बसच्या आरशात माझी छत्री अडकली आणि गेली. मूठ तेवढी हातात राहिली. घाबरलो वगैरे नाही. अक्षर हलतंय ते पेनामुळे. पेन भिकार आहे.

विषय माझा नाहीच. पब्लिक सेफ्टीचा आहे. आमचं भांड्यांचं दुकान या बाजूला, घर बरोब्बर समोर. मध्ये चाळीस फूट डांबर आणि त्यावरून अख्खी सांगली पिसाळल्यासारखी पळते. संकल्प: या रस्त्याला शिस्त लावायची.

४ ऑगस्ट
५.३० दुकानाच्या पायरीवर उभा. ५.५० उभा. ६.२० एक पाय खाली टाकला. मोटरसायकल. पाय वर. ७.०२ सूर्यास्त.

सूर्य बुडाल्यावर आम्हा जैनांत जेवत नाहीत. तीस वर्षांत माझा हा नेम एकदाही मोडलेला नाही. साडेआठला गर्दी ओसरल्यावर घरी पोचलो. बायकोने, पद्मावतीने, झाकून ठेवलेलं ताट उचललं. म्हणालो, चातुर्मास आहे, एकाशन धरलंय, दिवसातून एकदाच जेवणार. बरं सुचलं.

५ ऑगस्ट
सकाळी सहालाच दुकानात. त्या वेळी रस्ता मोकळा असतो म्हणून नव्हे. लवकर उठणं तब्येतीला चांगलं. दुपारी एकला पद्मावती नेहमीसारखी डबा घेऊन आली.

संध्याकाळी शेजारचा हॉटेलवाला आकाराम म्हणाला, आवं नेमाण्णा, हात करा आन् चला की, थांबत्यात समदी. मी म्हणालो, मी रस्त्याचं निरीक्षण करतोय. तासभर केलं. एकाशन.

११ ऑगस्ट
सलग आठवं. देवळात बातमी पोचली. बायका पाया पडून गेल्या. या वयात अखंड एकाशन, धन्य आहे म्हणाल्या. मी खोटं बोललो नाही. फक्त मान हलवली.

सातनंतर भूक जास्तच लागते. समोर आमच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसतो. फोडणीचा वाससुद्धा येतो. वासाला रस्ता ओलांडायला काही वाटत नाही.

१४ ऑगस्ट
महापालिकेच्या ज्युनिअर इंजिनिअर प्रियदर्शनी मॅडम माझा अर्ज वाचून आल्या. हुशार मुलगी. म्हणाल्या, रस्ता ऐसपैस दिसला की ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर जातोच. तो दोन्हीकडून आवळायचा, मध्ये थांबायला बेट करायचं, क्रॉसिंग फूटपाथइतकं उंच उचलायचं. आधी पिंपं, वाळूची पोती आणि पांढरा रंग लावून ट्रायल. नागरिक समितीचा अध्यक्ष मी. आपोआपच झालो, दुसरं कुणी तयार नव्हतं.

मॅडमनी विचारलं, तुम्हाला स्वतःला ओलांडताना भीती वाटते का? मी हसलो. जरा जास्तच हसलो बहुतेक.

२१ ऑगस्ट
मीटिंग. आकारामचा विरोध. रस्ता बारीक केल्यावर गिऱ्हाइकानं गाड्या कुठं लावायच्या, तुमच्या कळशीत? मी जोरदार बोललो. म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जीव मोठा का पार्किंग? टाळ्या. जोशात खाली उतरलो, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. खुर्ची धरली. बी-ट्वेल्व कमी झालं असणार. तपासून घेणे.

सूर्य रोज लवकर बुडायला लागलाय. हे कुणी लक्षातच घेत नाही.

३० ऑगस्ट
पॅन्ट ढिली. रात्री स्वप्नात आरसा येतो. फक्त आरसा, बस नाही. घामाने उशी भिजली. पद्मावतीला सांगितलं, उकडतंय. ती म्हणाली, पावसात?

समाजाने माझा सत्कार ठरवला. अखंड एकाशनाबद्दल शाल-श्रीफळ. ५ तारखेला, संध्याकाळी सहा, देवळाचा हॉल. हॉल पलीकडच्या बाजूला. ट्रायल त्याच दिवशी सुरू. अध्यक्ष म्हणून पहिलं पाऊल माझं, तिथून थेट सत्काराला, असं मॅडमनी आणि मंडळींनी परस्पर ठरवलं. उत्तम योग.

झोप नाही.

४ सप्टेंबर
पिंपं, पोती, पट्टे लागले. गाड्या खरंच हळू झाल्या. उद्या ताठ मानेने, मधूनच. फोटोसाठी पांढरा शर्ट. घाबरण्यासारखं काहीही नाही, हे पंचवीस वेळा म्हणून बघितलं.

५ सप्टेंबर
५.४५ ला मॅडमनी शिट्टी वाजवली. गाड्या थांबल्या. सगळ्या. एक बसही थांबली. ड्रायव्हरने हात केला, या आण्णा. समोर समाजाची मंडळी हार घेऊन उभी. मी पायरीवर. पाय निघेना. मॅडमनी पुन्हा शिट्टी वाजवली. सहा वाजले. मागे हॉर्न सुरू झाले. गाड्या सोडल्या, थांबवल्या, पुन्हा सोडल्या. म्हणालो, बूट चावतोय. बूट काढला. तरी निघेना.

६.१५ ला पलीकडून पद्मावती आली. एका हातात डबा. दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. हळूच विचारलं, भ्या वाटतंय व्हय? म्हणालो, छे. ती म्हणाली, मला वाटतं की. रोज. दुपारचा डबा काय उडत येतोय?

तीस वर्षं डबा येतोय. कसा येतो, मी एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली. लय वाटली.

निघालो. डोळे मिटून. बेटापर्यंत पोचलो आणि पुढे जाववेना. पोत्यावर बसलो. पद्मावतीने सूर्याकडे बघितलं, डबा उघडला. म्हणाली, अजून वीस मिनिटं हायत, जेवा. म्हणालो, लोक बघतायत. म्हणाली, महिनाभर मी खिडकीतनं बघतीया.

जेवलो. भर रस्त्यात, दोन्हीकडून गाड्या जाताना, भाकरी आणि मुगाची उसळ. आकाराम ओरडला, एकाशनवाले आण्णा दुसऱ्यांदा जेवाय लागले की वो! हारवाली मंडळी हळूहळू हॉलमध्ये गेली. शाल माझ्याऐवजी मॅडमना दिली म्हणे. योग्यच झालं.

उरलेले वीस फूट पद्मावतीचा हात धरून आलो. तिचा हात गार पडला होता. उद्यापासून दुपारी जेवायला मीच घरी येणार, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, बघू. डबा तिने घासून उद्या भरायला काढून ठेवलाय.

मला भीती वाटते. अक्षर आजही हलतंय. पेन नवीन आहे.