तू काय काय कमी केलंस

कात्रप, बदलापूर
२१ नोव्हेंबर १९९३

प्रिय राही,

तुझं कार्ड येऊन दीड महिना झाला. उत्तराला एवढा उशीर का, हे तू विचारणार नाहीस, कारण हल्ली तू काहीच विचारत नाहीस. तरी सांगते. मला राग आला होता. त्या रागात लिहिलं असतं, तर पोस्टमननेसुद्धा पत्र तुझ्या हातात द्यायला मागेपुढे पाहिलं असतं. भगवंतभाऊजी गेल्यानंतर तू पहिल्यांदाच लिहिलंस, आणि लिहिलंस काय, तर चार ओळी. “चहा सोडला, शेजारी जाणं-येणं सोडलं, एक वेळ जेवते. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं डिक्रीज केलंय, काळजी नसावी.” अगं, हे वाचून कोणाला काळजी वाटणार नाही?

आणि ते ‘आपल्या भाषेत’ तर माझ्या अगदी वर्मी लागलं. तो शब्द आपल्याला कुठे भेटला, आठवतं ना? उल्हासनगरच्या चाळीत, तुझ्या उंबऱ्यात. भाऊजींना अंबरनाथच्या कारखान्यात रात्रपाळी लागली होती आणि त्यांना थंडी म्हणजे किती! दिवाळी सरली नाही तोच माणूस मफलर गुंडाळून बसायचा. मग त्यांना बिनबाह्यांचा स्वेटर विणायचा, असं ठरलं. सिंध्याच्या दुकानात आपण लोकर घ्यायला गेलो, तर त्याने वर विणीच्या चित्रांचा एक इंग्रजी कागद दिला, “लो अदी, इसमें सब लिखा है.” सगळं लिहिलेलं होतं खरंच, फक्त मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तू कॉलेजचं पहिलं वर्ष केलेली, मी सातवीतून शेतावर गेलेली. म्हणून तू वाचायचीस आणि मी विणायची. तुला सुया धरता यायच्या नाहीत, हे मात्र तू चाळीत कोणाला कळू दिलं नाहीस.

स्वेटरची पाठ बगलेच्या मुंढ्यापर्यंत झरझर आली. तिथे तो शब्द आडवा आला. दोन्ही कडांना एकेक टाका डिक्रीज. तू चाळीतल्या मास्तरांकडून डिक्शनरी मागून आणलीस आणि मला शिकवणीच घेतल्यासारखं समजावलंस. ताप डिक्रीज होतो, पाऊस डिक्रीज होतो, सरकार भाव डिक्रीज करतं म्हणतं आणि करत नाही. कमी होणे, कमी करणे. मी म्हटलं, कळलं, पण टाका कमी करायचा म्हणजे काय करायचं? तू पदर खोचून म्हणालीस, काढून टाकायचा, आणखी काय! झालं. मी कडेचे टाके सुईवरून उतरवले, पुन्हा पुढच्या ओळीला उतरवले, आणि तू बघू बघू म्हणत ओढलंस तशी ती कड बॉर्डरपर्यंत उसवत गेली. तुझा चेहरा असा झाला होता, की मला रडावं की हसावं कळेना. शेजारच्या सिंधी अम्मा पापड वाळत घालायच्या सोडून आल्या. त्यांनी माझ्या हातातल्या सुया घेतल्या, दोन टाक्यांतून एकच सुई घालून दोन्हींचा मिळून एक टाका विणला आणि म्हणाल्या, “अरी पगली, गिराना नहीं. बाजूवाले के साथ लेना.”

आता बरेलीत बसून तू जे करते आहेस ना, ते मला त्या पहिल्या दिवशीसारखं दिसतं. चहा उतरवलास, शेजार उतरवलास, रात्रीचं जेवण उतरवलंस. परवा मी लेकीला, चंद्रीला विचारलं. ती आता अकरावीला आहे, माझ्या इंग्रजीला हसते. म्हटलं, कमी करणं याला इंग्रजीत किती शब्द? तिने धडाधड चार-पाच सांगितले. रिड्यूस कोणीतरी करावं लागतं म्हणाली, पण डिक्रीज करताही येतं आणि आपोआपही होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. राही, हे तू केलंस की झालं? मुद्दाम ठरवून चहा सोडलास, की कोणासाठी करायचा म्हणून स्टोव्हच पेटवला नाहीस? खरं काय ते मला कळलंय, म्हणूनच तर चिडले आहे.

आमच्याकडचं म्हणशील तर बरं चाललंय. इथे ब्लॉक घेतल्यापासून यांना अंबरनाथची कंपनी जवळ पडते. नळाला पाणी येतं, पण येईल तेव्हा येतं. समोर इमारतीवर इमारत उठते आहे, शिरगावकडे तर भातखाचरं होती तिथे आता फळ्या आणि रेती. शेजारी चांगले आहेत, पण दार लावून राहतात. चाळीतली आपली भिंत किती पातळ होती! तू खोकलीस तरी मी इकडून सुंठ आहे का विचारायची. इथे खाटेमागच्या भिंतीपलीकडे जिना आहे.

विणकाम मी सोडलेलं नाही. तो कागद मला आता पाठ आहे, तरी चंद्रीला वाचायला लावते. ती बिचारी वाचते, पण रेडिओवरच्या बातम्यांसारखी भरभर. तू थांबायचीस, माझ्या हाताकडे बघायचीस, चुकलं की ओरडायचीस, आणि मध्येच कोणाच्या तरी सासूची गोष्ट सुरू करायचीस. मुंढ्यापर्यंत आले की माझा हात अडतो. येत नाही म्हणून नाही. तिथे तुझा आवाज हवा असतो. पिशवीत नुसत्या पाठीच पाठी साचल्यात, हे म्हणतात दुकान काढ. भाऊजींची बदली होऊन तुम्ही तिकडे गेलात त्याला आठ वर्षं होत आली, पत्रं आधी आठवड्याला यायची, मग महिन्याला, मग दिवाळीला. मीही तेवढीच लिहीत गेले. तू संसारात रमली असशील असं मानून मी गप्प बसले, आणि तुझी आठवण मात्र रोज यायची. रोज म्हणजे अगदी रोज, राही.

भाऊजी गेल्याचं कळलं तेव्हा चंद्री तापाने फणफणली होती, म्हणून येता आलं नाही. ती बरी झाली, तरी मग माझं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. तुला इकडे ये असं लिहिलं, तर तू नको म्हणशील, कोणाला ओझं कशाला म्हणशील. तेव्हा विचारतच नाही. पुढच्या रविवारी मी लखनौच्या गाडीत बसते आहे, एकटी. कल्याणच्या पलीकडे मी कधी एकटी गेलेली नाही, यांना माझी धास्ती वाटतेय आणि मला त्यांच्याहून जास्त. लखनौला गाडी बदलून मंगळवारी सकाळी बरेलीला उतरेन. येतानाची तिकिटं दोन काढली आहेत, दुसरं तुझ्या नावाचं आहे. मला तुझं घर सापडणार नाही. तिथे रिक्षा असतात, हे मला सांगू नकोस. तू महिनोन् महिने उंबरा ओलांडलेला नाहीस हे मला तुझ्या कार्डावरूनच कळलंय, म्हणूनच सांगते, स्टेशनवर तूच न्यायला यायचंस. मी फलाटावरच्या बाकावर बसलेली असेन, आणि तू येईपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझीच, चाळीत होती तेवढीच हट्टी,
विठा