बियाण्याची फिर्याद

बाबा, सध्या मी टीव्हीवर पोलिसांची एक मालिका बघते. त्यात नवा साहेब ठाणं सुधारायला निघतो, वरचे त्याला आकड्यांत अडकवतात आणि शेवटी तोही जुन्या साहेबांसारखाच बोलू लागतो. इथवर सगळं खरं आहे. पण त्यातला जमादार म्हणजे ढेरपोट्या, खुर्चीत घोरणारा; तो दिसला की माझा मुलगा खदाखदा हसतो. काल मी टीव्ही बंदच केला. म्हटलं, तुझे आजोबा जमादार होते, बस इथे आणि ऐक.

मग त्याला ते बीटी बियाण्याचं वर्ष सांगितलं. आपल्या ठाण्यात नवे साहेब आले आणि आल्या आल्या त्यांनी भिंतीवर कागद लावला, येईल ती फिर्याद लिहायचीच. त्याआधीची रीत मला घरबसल्या पाठ होती: गुन्हा नोंदवायचा नाही, साधा अर्ज घ्यायचा आणि माणसाला चहा पाजून वाटेला लावायचं. अर्ज गुन्ह्यांच्या आकड्यात धरत नाहीत ना! तुम्ही मात्र त्या कागदावर भाबडेपणानं विश्वास ठेवलात. आकडा वाढला, जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांची खरडपट्टी निघाली. कागद भिंतीवर राहिला, साहेबांचं बोलणं बदललं.

त्याच आठवड्यात डोंगराच्या पायथ्याचे सहा शेतकरी आले. बियाणं बोगस निघालेलं, शेतात कपाशी उगवलीच नव्हती. पेरणी झाली की लोक पाकिटं फेकून देतात. यांनी तुम्ही पेरणीआधीच सांगून ठेवल्यावरून ती पुराव्याला जपून ठेवलेली. दुकानदार वजनदार. शेतकऱ्यांना चार वाजता बोलावून तुम्ही जेवायला घरी आलात. आई भाकरी वाढत म्हणते, "काऊन साहेबाशी वाकडं घेता? अर्ज घ्या अन् मोकळे व्हा." तुम्ही म्हणता, "अर्ज घेतला का मामला संपला. मी लिहून घेतो." मग तुम्ही घटकाभर आडवे झालात, आई शेजारी गेली आणि फोन वाजला. साहेब होते. "बाबांना सांग, फक्त अर्ज घ्यायचा, गुन्हा नाही." मी हो म्हटलं. चार वाजता तुम्ही गेलात आणि गुन्हा नोंदवलात.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, निरोप मिळाला नव्हता का? नाही म्हटलं असतंत तर सुटला असतात, आणि ते खरंही होतं. तुम्ही म्हणालात, "भेटला होता साहेब. पण फिर्याद खरी होती." आपली बदली झाली थेट देऊळगाव राजाला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. खटला रखडला, दुकानदार सुटला, पुढच्या साहेबांनी भिंत रंगवताना तो कागदही काढला. सुधारणेचं हे असं झालं. तरी सांगते बाबा, मला तुमचा फार अभिमान वाटतो.

सामान बांधताना तुम्ही आईला म्हणाला होतात, "निरोप पोरीनं मुद्दाम दाबला. माही पोरगी आहे ते." आयुष्यभर तुम्ही हे पाहुण्यांना सांगत आलात, आणि काल मीही मुलाला तसंच सांगितलं. पण मी काही दाबलं नव्हतं. दारात मैत्रिणीनं हाक मारली, मी खेळायला पळाले आणि विसरले.