बत्तीशीचा थर

३ तारीख
पोचलो एकदाचा! ताईने दारातच कान पिळला, पाहुण्यासारखा थांबलास तर बघ म्हणाली. दाजी इथे जमिनीत भोकं पाडणारं यंत्र चालवतात. प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे (सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात) दाजींनीच माझ्यासाठी शब्द टाकला. काम अगदी आवडीचं: भोकातून निघालेल्या दगडाच्या कांड्या फोडायच्या, आतले जीवाश्म बघायचे आणि कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा ते लावायचं. सगळ्यात खालच्या काळ्या थरात एक वळलेला शंख मिळाला, तोंडाशी दातांची रांग. दाजींनी त्याला नाव दिलं, बत्तीशी. ती दिसली की समजायचं, तळ आला.

७ तारीख
दुसऱ्या भोकात बत्तीशी मधल्या पिवळ्या थरात निघाली. भोकात वरचा माल खाली घसरतो, त्यामुळे नवा जीव जुन्या थरात सापडला तर आम्ही डोकं खाजवत नाही. पण जुना जीव नव्या थरात? खालचं वर येतच नाही. म्हणजे कुणीतरी कांड्यांच्या पेट्यांची अदलाबदल केली. पेट्या दाजीच भरतात. विचारलं तर म्हणाले, तुला चष्मा लागलाय. चेष्टा होती, पण मला खटकली.

११ तारीख
तिसरं भोक. राखाडी थर, मातीच्या जेमतेम खाली. पुन्हा बत्तीशी! आणि या वेळी दगड झालेलं नाही, ताजं कवच, नखाने ओरखडा उमटतो. पेट्यांना मी स्वतः कुलूप लावलं होतं. किल्ली ताईच्या घरात खुंटीला असते. आता संशय कुणावर घ्यायचा? ताई सांगत होती की दाजी हल्ली नीट जेवत नाहीत, माणूस उतरेल एवढा पाहणीचा खड्डा खणलाय, त्याच्याशी कान देऊन उभे राहतात. मला वेड्यात काढायला चाललंय सगळं.

१२ तारीख
दाजी पेट्यांत फेरफार करतात असं मोठ्या बाईंना सांगून टाकलं. खरं निघालं तर दाजींची नोकरी जाईल, घरही नोकरीचंच. ताईने बोलणं टाकलं. दाजी चिडले नाहीत. एवढंच म्हणाले की उद्या सगळ्यांसमोर खड्ड्यात उतरतो, हाताने माल काढतो, मग तर विश्वास बसेल? त्यांचा आवाज कापत होता. पकडले गेल्यामुळे, असं मला वाटलं.

१३ तारीख, सकाळ
दाजी उतरले. बादली वर आली. वरचीच माती, गवताची मुळं. मुळांत बत्तीशी. ओली.
तिचं तोंड उघडं होतं. मिटलं.
दाजी खोटं बोलत नव्हते. वर या म्हणून ओरडलो — त्यांच्या कमरेची दोरी ओढली — सैल.

१३ तारीख, दुपार
बाईंनी सांगितलंय, पाहिलं ते लगेच लिहून ठेव.
खड्ड्यात दाजी नाहीत. भिंतींना भोकं. आमच्या यंत्राची नाहीत. सगळी खालून वर आलेली. ते कान देऊन काय ऐकत होते ते मी एकदाही विचारलं नाही. मीच त्यांना उतरायला लावलं. मी —
ताई काठावरून हलत नाही. त्यांना हाका मारतेय.
क्रम लावणं तेवढं मला येतं. काळा, पिवळा, राखाडी, माती. मातीनंतर —
मातीवर ताई उभी आहे. जातो. आधी तिला तिथून